पहिली ब्ल्यूप्रिंट घेतली, आता पुढे? ईव्ह ऑनलाइनमधल्या कारखानदारीचा हिशेब

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात कारखाना टाकणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास बोलतो: "खनिजं मी स्वतः खणलीत, म्हणजे मला ती फुकटच पडली." मीही बोललो होतो. चार संध्याकाळी लघुग्रहांच्या पट्ट्यात बसून खनिज काढलं, त्यातून जहाजं बांधली, ती विकली आणि पाकिटात इस्क, म्हणजे खेळातले पैसे, आले म्हणून खूश झालो. नंतर कुणीतरी साधा प्रश्न विचारला: ती खनिजं तशीच बाजारात विकली असतीस तर किती आले असते? हिशेब केला. जास्त आले असते. म्हणजे मी चार संध्याकाळी खाणकाम केलं आणि वर कारखाना चालवून त्यातलेच पैसे घालवले.

हा लेख त्या प्रश्नाभोवती आहे. खिडकी कुठली उघडायची आणि बटण कुठलं दाबायचं हे खेळ स्वतःच शिकवतो. कुठल्या टप्प्यावर पैसे गळतात, ते मात्र शिकवत नाही.

ज्यांना खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आइसलँडच्या सीसीपी गेम्सने ईव्ह ऑनलाइन ६ मे २००३ रोजी सुरू केला. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात, आणि त्या विश्वात उडणारी बहुतेक जहाजं, तोफा, दारूगोळा कुणा ना कुणा खेळाडूने बांधलेला असतो. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या प्रणालीत, म्हणजे एका ताऱ्याभोवतीच्या जगात, झालेल्या लढाईत टायटन प्रकारची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. ती सगळी कुणीतरी महिनोन्महिने खपून बांधलेली होती, आणि त्यांच्या जागी नवी बांधायला पुन्हा तेवढीच खनिजं लागणार होती. जहाजं फुटतात म्हणून कारखाने चालतात.

मूळ प्रत आणि नक्कल

ब्ल्यूप्रिंट म्हणजे वस्तू बांधायचा आराखडा. ती दोन प्रकारची. मूळ प्रत, जिला सगळे बीपीओ म्हणतात, आणि नक्कल, म्हणजे बीपीसी. बीपीओ कधी संपत नाही. तिच्यावरून हवे तितके रन, म्हणजे उत्पादनाचे फेरे, काढा. बीपीसीवर रन मोजून दिलेले असतात, ते संपले की ती गायब. संशोधन फक्त बीपीओवर होतं. नक्कल काढताना मूळ प्रतीवर जेवढं संशोधन झालेलं असतं तेवढंच तिच्यावर उतरतं, पुढे त्यात भर घालता येत नाही.

साध्या, म्हणजे टेक वन वस्तूंच्या बीपीओ खेळातल्या संगणकी कंपन्या, म्हणजे खेळाडूंच्या नसून खेळच चालवतो त्या, बाजारात थेट विकतात. त्यामुळे पहिली बीपीओ कुणा खेळाडूकडून चढ्या दराने घेण्याआधी बाजारात तिचा मूळ भाव बघा. खेळाडू जास्त मागत असेल तर ते जास्तीचे पैसे संशोधनाचे आहेत की तुमच्या अज्ञानाचे, हे तपासा. करारातून घेत असाल तर ती मूळ प्रत आहे की नक्कल, हे दोनदा वाचा. या एका शब्दाच्या घोळावर जगणारे लोक त्या विश्वात भरपूर आहेत.

सुरुवातीला काय घ्यावं? माझं मत दारूगोळा. बीपीओ स्वस्त, एका रनमध्ये १०० नग निघतात, आकारमान नगण्य, आणि लढणारा माणूस तो रोज वापरतो. त्यानंतर फ्रिगेट, म्हणजे छोटं लढाऊ जहाज. साध्या मॉड्यूलच्या, म्हणजे जहाजावर बसवायच्या उपकरणांच्या, वाटेला नवशिक्याने जरा जपून जावं, कारण संगणकी शत्रूंना मारल्यावर जे सामान पडतं त्यात त्याच कामाची, बरेचदा त्याहून सरस मॉड्यूल मिळतात आणि ती कवडीमोलाने विकली जातात. अपवाद त्या मॉड्यूलचा, जी टेक टू, म्हणजे वरच्या दर्जाच्या, वस्तू बांधताना कच्चा माल म्हणून लागतात. तिथे गिऱ्हाईक कारखानदारच असतो आणि त्याला ती नेमकी हीच हवी असतात.

घेण्याआधी बाजाराच्या इतिहासाच्या पानावर जाऊन रोज किती नग विकले जातात ते बघा. भावापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. दिवसाला वीस नग खपणाऱ्या वस्तूचे तुम्ही दोनशे बांधलेत तर तुम्हीच भाव पाडाल.

एमई, टीई आणि वर गोल होणारा अपूर्णांक

संशोधन दोन गोष्टींवर चालतं. साहित्याची बचत, म्हणजे एमई, ० ते १० टक्के, एकेका टक्क्याने. आणि वेळेची बचत, म्हणजे टीई, ० ते २० टक्के, दोन-दोनच्या पायरीने. दोन्ही एकदम चालत नाहीत, कारण प्रयोगशाळेत गेलेली ब्ल्यूप्रिंट कुलूपबंद होते. तेवढ्या काळात तिच्यावरून उत्पादनही नाही आणि नक्कलही नाही.

एखाद्या जुन्या मार्गदर्शकात कारखान्याच्या स्लॉटसाठी रांग लावण्याबद्दल किंवा एमई शंभराच्या वर नेण्याबद्दल वाचलंत, तर ते पान बंद करा. जुलै २०१४ च्या क्रायस नावाच्या सुधारणेत ती सगळी पद्धत मोडीत निघाली.

आता गंमत बघा. समजा एका मॉड्यूलला एका खनिजाची ७ युनिटं लागतात आणि तुमची एमई १० आहे. दहा टक्के कापले की ६.३. अर्धवट युनिट वापरता येत नाही, म्हणून आकडा वर गोल होतो: पुन्हा ७. तुम्ही रोज एक-एक रनचा जॉब, म्हणजे कारखान्याला दिलेलं एक काम, लावलात तर महिन्याच्या तीस रनला २१० युनिटं जातील, म्हणजे संशोधन न केलेल्या ब्ल्यूप्रिंटला जितकी गेली असती तितकीच. पण हे गोल करणं रनगणिक होत नाही, संपूर्ण जॉबवर एकदाच होतं. तेच तीस रन एका जॉबमध्ये लावले तर लागतील १८९. ब्ल्यूप्रिंट तीच, खनिज तेच, फरक फक्त जॉब कसा लावला याचा. म्हणून छोट्या आकड्यांची वस्तू बांधताना रन एकत्र करा. एका जॉबला साधारण तीस दिवसांची मर्यादा असते, पण तिच्यापर्यंत फारसं कुणी पोचत नाही.

याला एक तळ आहे. दर रनला प्रत्येक घटक निदान एक तरी लागतोच. ज्या वस्तूला एखादा महागडा घटक एकच लागतो, तिथे एमई कितीही वाढवा, तो एक कमी होत नाही. एमईचं संशोधन करण्याआधी घटकांची यादी उघडून बघा की खर्चाचा मोठा भाग हजारोंच्या संख्येने लागणाऱ्या खनिजांचा आहे की अशा एकेकट्या घटकांचा. दुसरा प्रकार असेल तर एमईवर दिवस घालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शेवटची पायरी चढायची का?

प्रत्येक पुढच्या पातळीला लागणारा वेळ साधारण २.४ पटीने वाढत जातो. परिणाम असा की शून्यापासून दहापर्यंतच्या एकूण वेळेतला अर्ध्याहून जास्त वेळ एकट्या नवावरून दहावर जायला लागतो. बचत मात्र दर पायरीला तेवढीच, एक टक्का.

आकड्यांत मांडतो, आकडे मानलेले आहेत, रीत खरी. एका रनचं साहित्य ५ लाख इस्कचं. एमई ९ वरून १० वर गेल्यावर रनमागे ५ हजार वाचतील. तुम्ही दिवसाला १० रन काढता आणि रनमागे ४० हजार सुटतात. शेवटच्या पायरीला ४ दिवस लागणार असतील तर त्या काळात ४० रन बुडाले, म्हणजे १६ लाख. ते पाच-पाच हजारांनी भरून काढायला ३२० रन, म्हणजे ३२ दिवस. संशोधनाची फी त्याच्या वर.

वर्षभर तीच वस्तू बांधणार असाल तर चढा. "बघू, जमतंय का" अशी स्थिती असेल तर आठवर थांबा आणि बांधायला लागा. मोठ्या जहाजांच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथे शेवटच्या पायऱ्या आठवडे आणि महिने खातात. अशा वेळी संशोधन झालेली मूळ प्रत किंवा चांगल्या एमईच्या नकला विकत घेणं कधीकधी सरळ स्वस्त पडतं.

हे बुडणारे दिवस टाळायला एक सोपी युक्ती आहे, आणि ती नवशिके का वापरत नाहीत ते मला कळत नाही. ब्ल्यूप्रिंट प्रयोगशाळेत पाठवण्याआधी तिच्या नकला काढून ठेवा. मूळ प्रत संशोधनात अडकलेली असताना नकलांवरून कारखाना चालू राहतो. नकला काढायला साहित्य लागत नाही, फक्त फी आणि वेळ.

टीईबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ते मी लॉगिन करण्याच्या सवयीशी जोडतो. तुम्ही रोज रात्री एकदाच खेळात येता असं धरा. तुमचा जॉब २० तासांचा असो की १६ तासांचा, माल तुम्ही उद्या रात्रीच उचलणार आहात. ते चार तास वाचवण्यासाठी टीईवर दिवस घालवून काही हाती लागलं नाही. पण जॉब २६ तासांचा असेल आणि टीईमुळे तो २३ वर येत असेल, तर आज दर दुसऱ्या रात्री मोकळा होणारा कारखाना उद्यापासून रोज रात्री मोकळा होईल. तिथे टीई सोन्याची. कौशल्यांनाही हेच लागू: इंडस्ट्री दर पातळीला उत्पादनाचा ४ टक्के वेळ कमी करते, ॲडव्हान्स्ड इंडस्ट्री ३ टक्के. साहित्य कमी करणारं कौशल्य आता कुठलंच नाही.

नवशिक्याला खरा फरक पडतो तो मास प्रॉडक्शन आणि लॅबोरेटरी ऑपरेशनने. पहिल्याने दर पातळीला उत्पादनाचा एक जॉब वाढतो, दुसऱ्याने संशोधनाचा. प्रगत भावंडांसकट दोन्हीकडे ११ पर्यंत जाता येतं. संशोधनाचा वेग हवा असेल तर मेटलर्जी एमईसाठी, रिसर्च टीईसाठी, सायन्स नकलांसाठी. तिन्ही दर पातळीला ५ टक्के.

कारखाना कुठे?

प्रत्येक प्रणालीला एक खर्च-निर्देशांक असतो. मागच्या चार आठवड्यांत तिथे किती तासांचं काम लागलं यावर तो चढतो-उतरतो, आणि त्याच प्रमाणात जॉबची फी वाढते. मोठ्या बाजाराला चिकटून असलेल्या प्रणाली त्यामुळे महाग. चार-पाच प्रणाली बाजूला सरका, फी बघा, परत सरका. उत्पादन, संशोधन आणि नकला यांचे निर्देशांक वेगवेगळे असतात, म्हणून संशोधन एका प्रणालीत आणि उत्पादन दुसरीकडे करण्यात काही वावगं नाही.

संगणकी स्टेशनऐवजी खेळाडूंनी उभारलेल्या कारखान्यात जॉब लावला तर फायदा होतो. रायतारू, अझबेल आणि सोतियो या अशा कारखान्यांच्या तिन्ही प्रकारांमध्ये साहित्य १ टक्का कमी लागतं. वेळ अनुक्रमे १५, २० आणि ३० टक्के कमी, शिवाय फीतही सूट. वर रिग, म्हणजे कारखान्याची क्षमता वाढवणारे जोडभाग, बसवलेले असतील तर आणखी. मालक कर किती घेतो ते आधी बघा. आणि एक सावधगिरी: मालकाने इंधन भरलं नाही तर सेवा बंद पडते आणि तुमचा जॉब अर्ध्यात थांबतो. महागड्या बीपीओचं महिनाभराचं संशोधन अनोळखी माणसाच्या छोट्याशा कारखान्यात मी लावत नाही. तिथे संगणकी स्टेशन जरा महाग पडलं तरी चालेल.

वाहतुकीचं गणित बहुतेकांचं उलटं असतं. साध्या फ्रिगेटला चाळीसेक हजार युनिटं खनिज लागतं. खनिजाचं एक युनिट ०.०१ घनमीटर, म्हणजे सगळं मिळून ४०० घनमीटरच्या आसपास. त्यातून बांधलेली फ्रिगेट गुंडाळलेल्या अवस्थेतही २,५०० घनमीटर जागा खाते, आणि चुकून उडवण्यासाठी जोडली गेली तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे जहाजं बांधणाऱ्याने बाजाराजवळ कारखाना टाकावा, खनिज आणावं. दूर खाणीपाशी जहाजं बांधून ती बाजारात नेणारा माणूस मुख्यतः हवा वाहून नेतो. दारूगोळ्याला हा नियम लागत नाही. तो कुठेही बांधा, खिशात मावेल.

जॉब लावताना

उद्योगाची खिडकी उघडा, ब्ल्यूप्रिंट निवडा, उत्पादनाचं चिन्ह दाबा, रन भरा. खिडकीत लागणारं साहित्य आणि तुमच्याकडे असलेलं शेजारी-शेजारी दिसतं. सुरू करण्याआधी तीन जागी नजर टाकायची सवय लावून घ्या: साहित्य कुठल्या कपाटातून जाणार, तयार माल कुठल्या कपाटात पडणार, आणि फी कुणाच्या पाकिटातून. कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कंपनीत, असाल तर हे तिन्ही पर्याय वेगवेगळे असू शकतात, आणि तुमचा माल सगळ्यांच्या कपाटात पडला की तो तुमचाच हे सिद्ध करणं अवघड जातं.

मधेच जॉब रद्द केला तर ब्ल्यूप्रिंट परत मिळते, साहित्य आणि फी जाते. म्हणून रनचा आकडा नीट बघा. १० च्या जागी १०० टाकून "सुरू करा" दाबणारा माणूस मी आरशात पाहिलेला आहे.

जॉब पूर्ण झाला म्हणजे माल हातात आला असं नाही. "डिलिव्हर" केल्याशिवाय तो कपाटात पडत नाही आणि जॉबची जागाही मोकळी होत नाही. माझ्या ओळखीच्या एकाचा कारखाना तीन आठवडे "चालू" होता. प्रत्यक्षात तीन आठवडे संपलेले जॉब उचलायचं तो विसरला होता.

कच्चा माल विकत घेताना घाईत समोरच्या विक्री-ऑर्डरवरून उचलण्यापेक्षा स्वतःची खरेदी-ऑर्डर लावून दोन-तीन दिवस थांबलात तर बरंच वाचतं. मोठ्या बाजारपेठेत, म्हणजे जिता प्रणालीतल्या चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रावरच्या स्टेशनात, त्या ऑर्डरी भरतातही लवकर. पण किंमत ठरवताना हिशेब कशाने धरायचा, यावर माझं ठाम मत आहे: खनिज तुम्ही खणलं असेल, स्वस्तात मिळवलं असेल, मित्राने दिलं असेल, वहीत ते आज ज्या भावाने विकता येईल त्याच भावाने मांडा. खाणकामाचा नफा खाणकामाच्या खात्यात, कारखान्याचा कारखान्याच्या. नाहीतर कुठला धंदा कुठल्याला पोसतोय ते कळतच नाही.

वहीत एका रनसाठी माझ्याकडे एवढंच असतं: साहित्य, जॉबची फी, वाहतूक, दलाली, विक्रीकर. शेवटचे दोन लोक विसरतात. विक्रीची ऑर्डर लावताना दलाली जाते आणि विकल्यावर कर. भाव बदलत राहिलात तर दर बदलाला पुन्हा थोडं जातं. ब्रोकर रिलेशन्स आणि अकाउंटिंग ही दोन कौशल्यं कारखानदाराने इंडस्ट्रीइतकीच गंभीरपणे शिकावीत. टेक वन मालावर नफा मुळात पातळ. अनेकदा तो या दोन ओळींतच जातो.

टेक टूकडे वळण

टेक टू वस्तूंची ब्ल्यूप्रिंट बाजारात मिळत नाही. टेक वनच्या नकलेवर इन्व्हेन्शन, म्हणजे शोध लावण्याचा जॉब, करून ती मिळवावी लागते, त्यासाठी लागणाऱ्या डेटाकोअर नावाच्या वस्तू खर्च करून आणि अपयशाची तयारी ठेवून. मॉड्यूलसाठी यशाची मूळ शक्यता ३४ टक्के. दोन विज्ञान-कौशल्यं आणि एक एन्क्रिप्शनचं कौशल्य चौथ्या पातळीवर असेल तर ती साडेशेहेचाळीसच्या आसपास जाते. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा डेटाकोअर पाण्यात.

त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त खर्च यशावर वाटायचा. एका प्रयत्नाला ३ लाख लागत असतील तर एका यशाची किंमत ३ लाख नाही. ३ भागिले ०.४६५, म्हणजे सुमारे साडेसहा लाख. मॉड्यूलची यशस्वी नक्कल १० रनची असते, तर प्रत्येक मॉड्यूलवर इन्व्हेन्शनचे पासष्ट हजार चढवा. पाच प्रयत्नांवरून नशीब मोजू नका. शंभर झाले की सरासरी बोलू लागते.

इथे एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. टेक वनच्या नकलेची एमई-टीई इन्व्हेन्शनच्या निकालात उतरत नाही. यशस्वी झालेली टेक टू नक्कल डिक्रिप्टरशिवाय (ही निकाल बदलण्यासाठी वापरायची ऐच्छिक वस्तू) एमई २, टीई ४ अशीच येते. तेव्हा ज्या बीपीओवरून फक्त इन्व्हेन्शनसाठी नकला काढायच्या आहेत, तिच्यावर संशोधन करण्यात एक मिनिटही घालवू नका. नवी कोरी घ्या आणि थेट नकलांना लावा. मी दोन बीपीओ अशाच उगाच दहापर्यंत नेल्या होत्या.

बीपीओ हलवताना

त्यातलीच एक पुढे गेलीही. दोन प्रणाली पलीकडच्या स्वस्त प्रयोगशाळेत न्यायची म्हणून छोट्या जहाजाच्या कार्गोत टाकली, ऑटोपायलट लावला आणि उठलो. ऑटोपायलट गेटपासून, म्हणजे दुसऱ्या प्रणालीत जायच्या दारापासून, काही किलोमीटर अलीकडे उतरवतो आणि मग जहाज रांगत जातं. तेवढ्यात कुणीतरी स्कॅन केलं, आत काय आहे ते पाहिलं आणि उडवलं. कॉनकॉर्डने, म्हणजे खेळातल्या पोलिसांनी, त्याला शिक्षा केली, पण उडवल्यानंतर. आठवड्यांचं संशोधन दुसऱ्याच्या कपाटात गेलं.

तेव्हापासून बीपीओ एका स्टेशनात राहतात आणि नकला फिरतात. नक्कल गेली तर काही रन जातात. बीपीओ हलवावीच लागली तर स्वतः हातात सुकाणू धरून, वेगवान जहाजातून, आणि उएदामासारख्या बदनाम प्रणाली टाळून. जड माल कुरियर करारावर देतो आणि तारण मालाच्या पूर्ण किमतीएवढं ठेवतो, कारण तारण कमी ठेवलं तर वाहणाऱ्याला माल पोचवण्यापेक्षा तो ठेवून घेणं परवडतं.